बॅजवर २१२, रक्तात किती?

आमच्या कामात दर तीन महिन्यांनी एक कागद येतो. त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा असतो, त्या तिमाहीत अंगावरच्या बॅजने किती किरणोत्सर्ग नोंदवला त्याचा, मिलिसिव्हर्ट या एककात. बहुतेकांपुढे शून्य, कुणापुढे ०.२०, कुणापुढे ०.४५. आरएसओ, म्हणजे साइटवरचा किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, तो कागद बोर्डावर लावतो. आम्ही चहाच्या सुट्टीत आपापलं नाव बघतो आणि विसरून जातो. त्या मे महिन्यात कागद बोर्डावर लागलाच नाही. आरएसओने मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या नावापुढे २१२ होतं.

हे आकडे ज्यांच्या रोजच्या ओळखीचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. किरणोत्सर्गाशी काम करणाऱ्याला अणुऊर्जा नियामक मंडळाने पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे, आणि त्यातल्या कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. सामान्य नागरिकाला वर्षाला १. मी म्हणे एका तिमाहीत २१२ घेतले होते.

काम काय, तर पाइपांच्या वेल्डिंगचे फोटो काढायचे. रत्नागिरी जिल्ह्यातच एका खाडीकाठी मोठा प्रकल्प चालू होता, त्याच्या पाइपलाइनचा प्रत्येक जॉइंट आतून पोकळ नाही ना, चीर नाही ना, हे गॅमा किरणांनी तपासायचं. सोर्स, म्हणजे किरण सोडणारा तुकडा, इरिडियम-१९२ चा. जेमतेम काही मिलिमीटरचा तुकडा, पण तो ज्या ‘कॅमेऱ्या’त राहतो तो उचलताना कंबर मोडते, कारण आत क्षीण युरेनियमचं जाड कवच असतं. लांबून क्रँक फिरवला की केबलच्या टोकाला बसलेला सोर्स कवचातून निघतो, गाइड ट्यूबमधून जॉइंटपाशी जातो, पाइपच्या दुसऱ्या अंगाला चिकटवलेल्या फिल्मवर चित्र उमटतं आणि क्रँक उलटा फिरवून सोर्स परत आत घ्यायचा. तो पूर्ण आत आला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ते सर्व्हे मीटरनेच बघायचं. एवढं एक वाक्य जरी कोणी पाळलं तरी या धंद्यातले निम्मे अपघात होणार नाहीत. काम बहुतेक रात्री, दोरी बांधून परिसर रिकामा करून.

छातीवर टीएलडी बॅज. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन छोट्या चकत्या असतात, डिस्प्रोशियम मिसळलेल्या. किरण पडले की त्या ऊर्जा धरून ठेवतात, पुढे प्रयोगशाळेत तापवल्या की तेवढा प्रकाश सोडतात, आणि त्या प्रकाशावरून आकडा काढतात. यंत्र फार इमानी आहे. पण ते चकतीवर काय पडलं एवढंच सांगतं. चकती तेव्हा कुणाच्या छातीवर होती, खुंटीवर होती की सोर्सशेजारी जमिनीवर, हे तिला कुठून कळणार?

माझी अडचण अशी की त्या तिमाहीत मी बराच काळ साइटवर नव्हतोच. मार्चमध्ये शिमगा होता. आमच्याकडे शिमग्याची रजा मागत नाहीत, सांगतात. ग्रामदेवतेची पालखी घरी येणार म्हणजे घरचा माणूस घरी. बॅज मी नियमाप्रमाणे साइट ऑफिसच्या रॅकवर, कंट्रोल बॅजच्या शेजारी ठेवून गेलो होतो. हा कंट्रोल बॅज कुणी घालत नाही, जागेवरचा नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजायला तो तिथेच असतो. त्याचा आकडा अगदी नेहमीसारखा. म्हणजे रॅकवर काही झालं नव्हतं. माझा बॅज रॅकवरून उठून कुठेतरी फिरून आला होता.

ठेकेदाराच्या माणसाने एक टाइप केलेला कागद पुढे केला. ‘माझा बॅज कामाच्या वेळी नजरचुकीने सोर्सजवळ पडला होता’ असं त्यावर लिहिलेलं. सही केली की विषय संपला, म्हणाला. मी केली नाही. आरएसओ वयाने मोठा, चिपळूणचा, फार बोलत नाही. तो एवढंच म्हणाला, “जे झालं नाही ते लिहू नको. शंभराच्या वर आकडा गेला की रक्त तपासतात. तुझं रक्तच काय ते सांगेल.”

सगळ्यांत आधी घरच्यांनी मला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची साधी मोजणी, करून घेतलं आणि रिपोर्ट बघून “सगळं नॉर्मल” म्हणाले. आईचा जीव भांड्यात पडला. माझा नाही, कारण मी वर्गात शिकलेलं आठवत होतो. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींची संख्या ठळकपणे घसरायला साधारण अर्धा ते एक ग्रे डोस लागतो, आणि तीही पहिल्या एक-दोन दिवसांतच पाहायची. गॅमा किरण सगळ्या अंगावर पडले तर एक ग्रे म्हणजे हजार मिलिसिव्हर्ट. दोनशेच्या घरातला डोस, तोही दोन महिन्यांपूर्वीचा, सीबीसीला दिसतच नाही. पेशी किती आहेत हे मोजून भागत नाही, पेशीच्या आत गुणसूत्रं मोडली आहेत का हे बघावं लागतं.

मुंबईच्या प्रयोगशाळेकडून सूचना आली. रक्त हेपारिनच्या नळीत घ्या, गोठवू नका, बर्फात ठेवू नका, साधारण १८ ते २४ अंशांत ठेवा आणि चोवीस तासांत पोचवा. पहिलीच गाठ नळीवर अडली. गावच्या लॅबमध्ये जांभळ्या टोपणाच्या नळ्या होत्या, सीबीसीच्या. त्यातलं ईडीटीए पेशी वाढवायच्या कामाला चालत नाही. हिरव्या टोपणाची नळी शेवटी रत्नागिरीत मिळाली. दुसरी गाठ बर्फाची. माझा मावसभाऊ मिरकरवाड्याला बर्फाच्या धंद्यात आहे. मुंबईला काहीतरी न बिघडता पोचवायचं आणि त्यात बर्फ नको, हे त्याच्या बुद्धीला पटेना. थर्माकोलचा डबा आणि भुगा केलेला बर्फ घेऊन तो दारात हजर. “अरे, पापलेट दिल्लीपर्यंत जातं, तुझं रक्त मुंबईला जाणार नाही?” डबा ठेवून घेतला, बर्फ परत पाठवला. बाहेर मे महिन्याचा उकाडा, म्हणून नुसते गार जेल पॅक कापडात गुंडाळून बाजूला लावले, नळीला न टेकवता.

त्या डब्यात आणखी एक गोष्ट होती आणि तिचं मला फार कौतुक वाटलं. नळीशेजारी एक कोरा टीएलडी बॅज. वाटेत कुणी डबा क्ष-किरण यंत्रातून नेला तर रक्ताला तिथेच डोस लागायचा आणि तो माझ्या नावावर चढायचा. म्हणून रक्ताबरोबर रक्ताचा पहारेकरी. आरएसओ स्वतः डबा मांडीवर घेऊन रात्रीच्या कोकणकन्येने गेला. एका ठिकाणी सामान स्कॅनरमध्ये टाकायला सांगितलं, तेव्हा पत्र दाखवून, हुज्जत घालून त्याने डबा हातात घेऊन पलीकडे नेला.

सोबत एक फॉर्म भरून दिला होता. मागच्या काही वर्षांत सीटी स्कॅन झालाय का? माझा मुतखड्यासाठी पोटाचा झाला होता, तो लिहिला. असा एक स्कॅन साधारण १० मिलिसिव्हर्टचा. कर्करोगाचे उपचार घेतलेत का, तंबाखू-सिगारेट, सध्या कुठली औषधं, नुकता ताप येऊन गेलाय का. आधी कुठे कुठे रेडिओग्राफी केली. इतक्या बारकाईने माझी चौकशी लग्न ठरवतानाही कुणी केली नव्हती.

मग वाट बघणं. या काळात गावात प्रत्येकाकडे एकेक कारण तयार होतं. चुलते म्हणाले, ही वाळूची करणी. आमच्या काळबादेवी, मिऱ्या, पूर्णगड पट्ट्यात किनाऱ्याला काळी वाळू आहे आणि त्यात ‘अणूचं काहीतरी’ आहे असा समज जुना आहे. ती काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियम. ज्या वाळूत थोरियमवालं मोनाझाइट भरपूर आहे ती केरळच्या कोल्लम जिल्ह्याची. तिथे करुनागपल्लीच्या बाजूला काही भागांत नैसर्गिक किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीच्या, म्हणजे वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या, कितीतरी पट आहे. तिथल्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त घेऊन हीच गुणसूत्रांची तपासणी वर्षानुवर्षं झाली, आणि बाकीच्या भागापेक्षा मोडतोड ठळकपणे वाढलेली आढळली नाही. हे चुलत्यांना सांगितलं. ते म्हणाले, “केरळची माणसं वेगळी.” त्यावर काय बोलणार?

बायको काही विचारत नव्हती, हे जास्त अवघड होतं. एका रात्री म्हणाली, “केस गळतात का रे त्याने?” नाही म्हटलं. केस गळायला, ओकाऱ्या व्हायला याच्या कितीतरी पट डोस लागतो. मग लगेच, “पुढे काही होतं का?” याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही.

पावसाळा लागला तेव्हा मुंबईच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. चौकशीसाठी जबाब द्यायचा होता, आणि माझं रक्त तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आलाच आहात तर तुमच्या पेशी बघून जा. त्यांनी सगळं पायरीपायरीने दाखवलं.

रक्तातली लिम्फोसाइट ही आळशी पेशी आहे. ती विभागत नाही, नुसती फिरत राहते. आणि पेशी विभागायला निघाल्याशिवाय गुणसूत्रं जाड होऊन दिसत नाहीत. तिला जागं करायला लागतं एक प्रथिन, आणि ते काढतात राजम्यापासून! लाल पेशींच्या गुठळ्या करून त्या बाजूला काढायला ते आधीपासून वापरात होतं, त्याने लिम्फोसाइट विभागायला लागतात हे अमेरिकेतल्या पीटर नॉवेल यांच्या १९६० मध्ये लक्षात आलं. माणसाची गुणसूत्रं ४६ असतात हे नक्की ठरलं १९५६ मध्ये, त्याआधी अनेक वर्षं पुस्तकांत ४८ होतं. म्हणजे हे सगळं शास्त्र माझ्या आजोबांच्या डोळ्यांदेखत झालेलं.

राजम्याचं प्रथिन घालून रक्त ३७ अंशांवर ४८ तास ठेवतात. जास्त नाही, कारण पेशीचं पहिलंच विभाजन बघायचं असतं. दुसऱ्या फेरीत मोडक्या गुणसूत्रांच्या बऱ्याच पेशी गळून जातात आणि मोजमाप कमी येतं. शेवटच्या दोन-तीन तासांत असं औषध घालतात की विभागणारी पेशी ऐन मध्यावर अडकून पडते. मग पातळ क्षाराच्या पाण्यात पेशी फुगवायच्या, म्हणजे गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. तीन भाग मिथेनॉल, एक भाग अॅसेटिक आम्ल यात त्या पक्क्या करायच्या, काचपट्टीवर वरून थेंब सोडायचा, गिम्सा रंग द्यायचा. खोलीत व्हिनेगरसारखा वास होता.

त्यांनी आधी शिकवणीची काचपट्टी लावली. ती प्रयोगशाळेत मुद्दाम मोठा डोस दिलेल्या रक्ताची होती. सूक्ष्मदर्शकात जांभळ्या काड्यांचा पुंजका दिसला. प्रत्येक काडीला एका जागी चिमटा काढल्यासारखी बारीक कंबर, तो सेंट्रोमिअर. “कंबर मोजा,” मॅडम म्हणाल्या. प्रत्येक गुणसूत्राला एकच हवी. एका काडीला मला दोन दिसल्या. ते डायसेंट्रिक, द्विकेंद्री गुणसूत्र. किरणांनी दोन वेगवेगळी गुणसूत्रं तुटतात आणि पेशी दुरुस्तीला लागते. वादळात होडीचे दोन दोर तुटावेत आणि काळोखात भलतीच टोकं एकमेकांना बांधली जावीत, तसं होतं. दोन कंबरांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात, आणि उरलेली कंबर नसलेली टोकं बाजूला सुटी पडतात. तो सुटा तुकडाही मला दाखवला. दोन्ही एकत्र दिसले म्हणजे ओळख पक्की.

ही खूण किरणोत्सर्गाचीच का मानायची, हे मी विचारलं. कारण बाकी फारशा गोष्टींनी ती होत नाही. कधीच किरणांशी संबंध न आलेल्या माणसातही १००० पेशींत एखादी सापडते, पण तेवढीच. तंबाखूने, वयाने, रसायनांनी पेशीत इतर बिघाड पुष्कळ होतात. म्हणून दुसऱ्या काही चाचण्या पटकन होत असल्या तरी माणसाचा डोस ठरवायला अजून हीच चाचणी भरवशाची मानतात. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात भंगारात गेलेला सीझियमचा सोर्स लोकांनी फोडला, तेव्हा कुणाला किती डोस बसला हे याच पद्धतीने काढलं. त्यांच्याकडे बॅज कुठून असणार? आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचं जुनं कोबाल्टचं यंत्र भंगारात गेलं आणि एक माणूस दगावला. त्या भंगारवाल्यांच्या छातीवरही बॅज नव्हते.

डोस काढतात तो प्रयोगशाळेने आधी तयार केलेल्या वक्रावरून. निरोगी रक्ताला ठरावीक डोस देऊन किती डायसेंट्रिक होतात ते मोजून ठेवलेलं असतं. एक ग्रे गॅमा किरण एका दमात बसले तर १०० पेशींत साधारण ८ ते १०. ०.२ ग्रेला १००० पेशींत साधारण ८. म्हणजे डोस पाचवा हिस्सा झाला तर खुणा दहाव्या हिश्श्याच्याही खाली जातात, रेषा सरळ नाही. आणि ०.१ ग्रेच्या खाली गेलं की नैसर्गिक आकडा आणि किरणांचा आकडा एकमेकांत मिसळायला लागतात. म्हणून इतक्या पेशी मोजायच्या. एकेक करून, ४६ कंबरा. मान मोडून बसलेल्या दोन मुली दिवसभर तेच करत होत्या. आमच्या कामाला लोक जोखमीचं म्हणतात, पण ते काम मला झालं नसतं.

माझ्या १००० पेशींत डायसेंट्रिक होतं १.

“आणि ते एक?” मी विचारलं.

“ते माझ्यातही सापडेल,” मॅडम म्हणाल्या. मग वहीवर हिशोब करून दाखवला. खरोखर ०.२ ग्रे बसला असता तर ८ च्या आसपास दिसायला हवे होते. अपेक्षा ८ ची असताना नुसत्या योगायोगाने एक किंवा शून्य दिसण्याची शक्यता हजारात तीन. शिवाय मार्च ते मे या काळात अशा पेशी झिजून जाण्याचा प्रश्न फारसा नाही, त्या निम्म्या व्हायला साधारण तीन वर्षं धरतात. बायकोचा प्रश्न मी त्यांनाच विचारून घेतला. समजा बसलाच असता २००, तर पुढे काय? त्या म्हणाल्या, कर्करोगाने जाण्याची आयुष्यभरातली शक्यता अंदाजे शंभरात एकाने वाढते असं धरतात. कुणाला तो आकडा लहान वाटतो, कुणाला मोठा. त्यांनी दोन्हीतलं काही म्हटलं नाही.

मला हायसं वाटलं. पण परतीच्या गाडीत, खेड मागे पडल्यावर, दुसरी गोष्ट डोक्यात आली. बॅज खोटं बोलत नाही. चकत्यांवर २१२ पडले होतेच. आणि ते पडले तेव्हा बॅज जमिनीवर नसेल, तर कुणाच्या तरी अंगावर असणार.

गेटच्या वहीत ते सापडलं. मी गावी असताना दोन रात्री माझ्या बॅजचा नंबर आत गेल्याची नोंद होती, आणि हजेरीपटावर मी रजेवर. गोंदियाकडचा एक हेल्पर होता, तेविशीचा. शिमग्याला आम्ही सगळे गेल्यावर माणसं कमी पडली, बॅजशिवाय गेटवर सोडत नाहीत, म्हणून सुपरवायझरने रॅकवरचा एक काढून त्याच्या खिशाला लावला. तो माझा निघाला. एप्रिलमध्ये पोरगा काम सोडून गावी गेला होता.

मी फोन केला. “भाऊ, मले तर काहीच झालं नाही,” तो म्हणाला. मग हळूहळू सांगितलं. त्या रात्री क्रँक जड चालत होता. सर्व्हे मीटरची बॅटरी गेलेली. सोर्स आत आला असं समजून त्याला फिल्म बदलायला पाठवलं, आणि तो अर्धा तास ट्यूबपाशी बसून फिल्म चिकटवत होता. मी मनात गुणाकार केला. आमच्या सोर्सची ताकद तेव्हा २५ क्युरीच्या आसपास होती. अर्ध्या मीटरवर अर्धा तास म्हणजे २०० च्या वर सहज जातं. बोटं लाल झाली होती का, सोलली होती का, हे आधी विचारलं. नाही म्हणाला.

ठेकेदार त्याला बोलवायला तयार नव्हता, ‘तो आता आमचा माणूस नाही’. आरएसओने माझा रिपोर्ट आणि गेटच्या वहीची प्रत जोडून वर लेखी कळवलं, मग हालचाल झाली. त्याला मुंबईला आणून रक्त घेतलं, हात तपासले. रिपोर्ट आल्यावर त्याने मला फोटो पाठवला, वाचून सांगा म्हणून. १००० पेशींत डायसेंट्रिक ७. अंदाजे डोस ०.२ ग्रे, खालची-वरची मर्यादा साधारण ०.१ ते ०.३. चकतीने सांगितलेला आकडा आणि त्याच्या पेशींनी सांगितलेला आकडा एकाच घरातला होता.

फोनवर त्याला हे सगळं समजावताना मी मॅडमचं शंभरात एकचं वाक्यही सांगितलं. दडवलं असतं तर माझ्या सहीसाठी आणलेल्या त्या कागदात आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

देशव्यापी डोस नोंदीत माझ्या नावापुढचा २१२ ‘नॉन-जेन्युइन’, म्हणजे मला प्रत्यक्ष न बसलेला, ठरून निघाला. तो त्याच्या नावापुढे लिहायचा, तर त्याला नोंदणी क्रमांकच नव्हता, कारण त्याला कधी स्वतःचा बॅज मिळालाच नव्हता. आधी त्याची नोंदणी केली, क्रमांक काढला आणि मग पहिली नोंद म्हणून हा डोस चढवला. त्याला रेडिओग्राफीचा कोर्स करायचा होता, मला त्याबद्दल विचारायचा. पाच वर्षांच्या शंभरापैकी दोनशेच्या वर त्याच्या खात्यात आधीच जमा आहेत. सध्या तो गोंदियाला मोबाइलच्या दुकानात काम करतो.